पटवण्याचा नियम

धम्मरत्न वाशीम-अकोला गाडीवर कंडक्टर आहे. दिवसभर तो लोकांना पटवत असतो. मागं सरका, पोराले मांडीवर घ्या, ते पोतं सीटखाली ढकला, आजी, तुमची मेडशी मागंच गेली. मालेगावला घरी पोचेपर्यंत त्याच्यातलं बोलणं सरलेलं असतं. बायको, पल्लवी, चहा विचारते तेव्हा तो नुसती मान हलवतो.

तरी आठवड्याच्या सुटीला तो सेवालालच्या मोबाईल दुकानात जायचा. सेवालालनं अमरावतीला शिकताना एक खेळ उचलला होता. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. तो माणूस काय करतो, काय बोलतो हे आपण ठरवायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा; आकडा मोठा पडला तर जमलं. त्यांची गोष्ट होती बैलांवर मीठ लादून निघालेल्या एका जुन्या तांड्याची. गोष्ट धम्मरत्न सांगायचा, म्हणजे वाटेतले जकात मागणारे नाकेदार, पाटील सगळे तोच. सेवालाल तांड्याचा नायक. कृषी केंद्रात बियाणं विकणारा हरीओम तांड्याचा धिप्पाड राखणदार. आणि धम्मरत्नची मामेबहीण पौर्णिमा तांड्यातली बोलकी बाई, कुणालाही गोडीत घेणारी.

पौर्णिमा रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. बोलताना अडखळते. एखाद्या शब्दाशी थांबते, मग पुढं जाते.

घोडं तिथंच अडायचं. नाका आला की पौर्णिमा पहिला शब्द जुळवेपर्यंत हरीओम सुरू झालेला असायचा. गिऱ्हाइकाशी बोलून बोलून त्याची जीभ तयार होती. नाकेदाराच्या लेकराबाळांची चौकशी करून तो तांडा पार नेऊन सोडायचा.

"तुया गडी तं कमी बोलते ना बे?" सेवालाल हरीओमला म्हणाला.

"कमी बोलते, पण कामाचं बोलते," हरीओम हसला. पौर्णिमाही हसली आणि फासा बोटांत फिरवत बसली.

धम्मरत्नला ते खुपलं. त्यानं नियम केला: पटवायचं तर बोलायचं नाही, फासा टाकायचा. ज्याचं पात्र बोलकं, त्याच्या फाशाच्या आकड्यात जास्तीची भर. मग एका फाशानं कुणीही काहीही कबूल करू लागलं, म्हणून त्यानं तो सुधारला. ऐकणाऱ्याच्या मनाला पायऱ्या दिल्या: वैर, संशय, ना इकडे ना तिकडे, भला, आपला. एका फाशात एकच पायरी चढायची. आणि ज्या गोष्टीसाठी तो माणूस जीव देईल, ती कुठल्याच फाशानं मागता यायची नाही. अकोल्याच्या स्टँडवर गाडी लागेपर्यंत, डबा खाताना, तो हेच घोळवत असायचा. अंग दुखायचं, पण डोकं थांबायचं नाही.

नियम चालला. पुढच्या नाक्यावर पौर्णिमेनं फासा टाकला, एकोणीस पडले.

"पटला," धम्मरत्न म्हणाला. "चला पुढं."

त्याला स्वतःलाही हायसं वाटलं. नाकेदाराचा आवाज काढावा लागला नव्हता.

त्यानंतर पौर्णिमा खेळायला आली नाही. पुढच्या सुटीलाही नाही. फोनवर म्हणाली, काम आहे.

एका सकाळी ती मालेगावला त्याच्याच गाडीत चढली. अकोल्याला मैत्रिणीकडे निघाली होती. त्यानं अर्धं तिकीट फाडून दिलं आणि तिच्या सीटच्या दांड्याला टेकला.

"काहून व, येऊन नाई राह्यली खेळाले?"

"दादा, तो नि... नियम..."

"अवघड वाटला? सोपा करतो ना."

तिनं मान हलवली. "मले ब..."

"बरा नाई वाटला?"

पौर्णिमेनं हात वर केला. चिडून नाही, पण हात तसाच धरून ठेवला. धम्मरत्नला कळलं की आता दोनदा आपण हरीओमच झालो. तेवढ्यात मागून कुणीतरी मेडशीचं तिकीट मागितलं. तो गर्दीतून मागं गेला. मेडशीला उतरणारे उतरले, चढणारे चढले. त्यांची तिकिटं फाडून होईपर्यंत घाट लागला होता. परत आला तेव्हा पौर्णिमा वाट पाहत होती.

"मले बोलाचं होतं," ती म्हणाली. मध्ये दोनदा थांबली. तो गप्प राहिला. "ती बाई मी कायले घेतली? बोलाले भेटते म्हणून. तू फासा देल्ला अन् माह्यं बोलणंच काढून घेतलं. मले नियम नोको, दादा. वेळ पायजे."

 बोलायचा कंटाळा आपल्याला आला होता, आणि औषध हिला पाजलं, एवढं त्याला उमगलं. इतक्या दिवसांची मेहनत फुकट गेल्याचं वाईटही वाटलं. पातूरला उतरून त्यानं चहा घेतला, तो त्याला गोड लागला नाही.

पायऱ्या त्यानं ठेवल्या. बदल एकच केला: आधी बोलायचं, मग फासा. आणि ज्याच्या पात्राची पाळी, त्याचं संपेपर्यंत टेबलावर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

पुढच्या खेपेला पौर्णिमा आली. तांड्यासमोर नदीकाठचा नाका होता. ती नाकेदाराला मिठाबद्दल सांगू लागली: ते कुठून आलं, उन्हात कसं पाझरतं, नदीपलीकडच्या गावात डाळ कशी अळणी शिजते. खूप वेळ लागला. हरीओमनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. धम्मरत्न आदल्या रात्री ड्युटीवरून उशिरा आला होता, डोळे जड झाले होते, पण नाकेदार होऊन तो ऐकत राहिला.

मग तिनं फासा टाकला. दोन पडले.

"आता पुन्ना टाक," सेवालाल कळवळून म्हणाला. "एवढं बोलली ना तू!"

धम्मरत्ननं पौर्णिमेकडे पाहिलं. तिनं फासा त्याच्यापुढं सरकवला.

"पडले ते पडले," ती म्हणाली. "नाई मानला तो. आपण जंगलातून जाऊ."

"जंगलात वाघ हाय," धम्मरत्न म्हणाला, आणि हरीओमनं खुर्ची पुढं ओढली.