दारावरची चार बोटे

श्रीगजाननाला, आणि साऱ्या घरांचा भार मुकाट्याने अंगावर घेऊन पहुडलेल्या वास्तुपुरुषाला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त घडले ते गेल्या आठवड्यातील एका वास्तुशांतीचे. मी मूळचा संस्कृतचा अध्यापक. निवृत्तीनंतर दुबईत अल कुसैसला मुलाकडे येऊन राहिलो आणि ओळखीपाळखीच्या घरी पूजा सांगू लागलो. यजमानांचे नवे घर दुबई मरीनात, इतक्या उंचावर की खाली पाहताना समुद्र ताटलीएवढा दिसावा. मंत्र झाले, दूध उतू घालवण्याची वेळ आली, आणि दुधाचा पहिला थेंब लागताच ती विजेची शेगडी शिस्तीने आपोआप बंद पडली. यजमान म्हणाले, "गुरुजी, सेफ्टीसाठी असतं तसं. गेलं असं धरा." राहावयास केव्हा येणार, असे मी विचारले, तेव्हा ते हसले. "राहायला कोण येतंय? हे नुसतं घेऊन ठेवलंय." रिकाम्या खोल्यांत अक्षता टाकताना मला माझ्या व्याह्यांचे स्मरण झाले.

माझ्या व्याह्यांइतका एकनिष्ठ गृहस्थ या वाळवंटात दुसरा झाला नसेल. त्यांनी उभ्या आयुष्यात एकच घर बांधले, आणि ते दरवर्षी बांधले. ते मूळचे कुडाळकडचे सुतार. ओंडक्यांची घरे उभारणाऱ्या एका कंपनीत त्यांचे सारे वय गेले. श्रीमंत अरबांच्या शेतांवर हौसेची लाकडी घरे बांधून देणे हा कंपनीचा धंदा, आणि गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी नमुन्याचे एक घर. थंड देशातून आणलेल्या पाइनच्या ओंडक्यांचे हे घर प्रदर्शनात, मेळ्यात, कधी मॉलच्या अंगणात उभे करायचे, आठवडाभर लोकांनी दारात उभे राहून फोटो काढायचे, की पुन्हा ओंडका ओंडका सुटा करून गोदामात नेऊन ठेवायचे. हे काम व्याह्यांकडे होते. त्या घरात कधी कोणी निजले नाही, कोणी जेवले नाही, कोणी भांडलेसुद्धा नाही. आणि ते बांधणारे स्वतः शारजात एका खोलीत, खाटेवर खाट रचून, दोन जोडीदारांसह राहात. एक कुट्टन नावाचा मलबारी सुतार, दुसरे ओंडके उचलणारे पठाण खानसाहेब. या तिघांची घरे तीन मुलखांत होती आणि तिन्ही घरांत ते पाहुणे होते.

व्याह्यांना लाकूड वाजवून पाहण्याची खोड होती. बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. मुलाच्या लग्नात मंडपाचा खांब वाजवून त्यांनी मला पहिले वाक्य ऐकवले ते असे: "व्याहीबुवा, हा खांब उद्यापर्यंत टिकेल, काळजी नसावी." बँकेचे टेबल, दवाखान्याचे दार, विमानतळावरचा बाक, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. आमच्या घरी प्रथम आले तेव्हा चहाआधी त्यांनी माझे देवघर वाजवले आणि चेहरा असा केला की घरात कोणी आजारी असल्याची बातमी कळावी. "हा भुसा आहे, व्याहीबुवा. भुसा दाबून केलेला. देवांना भुशात ठेवलंत?" पुढच्या शुक्रवारी ते, कुट्टन आणि खानसाहेब असे तिघे मिळून उरलेल्या ओंडक्यांचे एक देवघर वाहून घेऊन आले. ते इतके भक्कम होते की लिफ्टने त्याला नकार दिला. दिवाणखान्याचा निम्मा भाग त्याने व्यापला. आतले माझे बाळकृष्ण दूरवर कुठे तरी रानात एकटेच उभे आहेत असे दिसू लागले. नातीने विचारले, "नाना, व्हेअर इज द एसी?" तर व्याह्यांनी गंभीरपणे सांगितले, "लागत नाही. लाकूड आहे."

त्या देवघराच्या दारावरही त्यांनी चार बोटे मोकळी जागा सोडली होती. ही त्यांची दुसरी खूण. ओंडक्यांचे घर बांधले की ते काही काळ हळूहळू खाली येते. लाकूड सुकते, ओंडक्यांमध्ये घातलेली लोकर दबते, खाचा आपल्याच भाराने घट्ट होतात. म्हणून दाराच्या चौकटीवर जागा सोडायची, नाहीतर भिंत खाली येऊन दार कायमचे अडकते. ती जागा मेंढीच्या लोकरीने भरायची आणि वर फळी ठोकायची. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले होते की एखादा मंत्र पाठ व्हावा तसे ते मला पाठ झाले. पण एक गोष्ट ते क्वचित सांगत. नमुन्याच्या घराची ती चार बोटे कधीच भरून आली नव्हती. घर खाली यायला सवड लागते, आणि ते घर सवड मिळण्यापूर्वीच मोडले जाई. "दरवर्षी नवी लोकर, दरवर्षी चार बोटं," ते म्हणत. "एकदा तरी कुणीतरी त्यात राहायला हवं होतं, व्याहीबुवा. एकदा तरी ते खाली यायला हवं होतं."

ओंडक्यांना त्यांनी नात्यांची नावे दिली होती. उंबऱ्याचा ओंडका थोरली आत्या, कारण तिला ओलांडल्याशिवाय कोणाला आत जाता येत नाही. एक ओंडका किंचित वाकडा होता आणि बसवताना हमखास कुरकुरे. त्याचे नाव काय ते मी फार दिवस विचारले नाही. अखेर कुट्टननेच सांगून टाकले, "गुरुजी, वो आप है."

मागच्या हिवाळ्यात अल ऐनच्या बाजूला मोठा कृषिमेळा भरला. कंपनीचा लाकडाचा विभाग बंद होणार हे तेव्हा ठरून गेले होते. लोकांना सिमेंटचे ओंडके आवडू लागले होते. वाळवी नाही, भेगा नाहीत, गाठी रंगाने काढलेल्या. व्याह्यांचे वय झाले होते, व्हिसाही संपत आला होता. नमुन्याचे घर या मेळ्यात विकून टाकायचे, की सारे खलास. मला त्यांनी आग्रहाने बरोबर घेतले. पहाटेच्या टेम्पोत मागे ओंडके आणि पुढे आम्ही चौघे. वाटेत खानसाहेब म्हणाले, "पंडितजी, आज दुआ करो. ये घर किसी इन्सान को मिले, कॅफेवाले को नहीं."

मेळा अफाट होता. खजुरांचे डोंगर, काचेच्या घरात उगवलेली काकडी, झुलत्या कानांच्या बक्षीसपात्र शेळ्यामेंढ्यांची रांग, दूध काढण्याची यंत्रे, आणि या सगळ्यांमधून मुले आईबापांना ओढत चाललेली. दुपारपर्यंत घर उभे राहिले. मी, म्हणजे वाकडा ओंडका, नेहमीप्रमाणे कुरकुरलो आणि व्याह्यांनी माझ्यावर खानसाहेबांना चढवले. समोरच सिमेंटच्या ओंडक्यांचे दुकान होते. व्याही तिथे गेले, एक भिंत वाजवली, परत आले आणि नळावर हात धुतले. कंपनीचे तरुण साहेब पुण्याचे. ते म्हणाले, "काका, प्लीज, कॉम्पिटिटरच्या स्टॉलवर असं करू नका." व्याही म्हणाले, "साहेब, मी काही बोललो नाही. भिंतही बोलली नाही."

लोक येत, दारात उभे राहात, फोटो काढून जात. व्याही प्रत्येकाकडे आशेने पाहात आणि तो वळला की लोकरीचा एखादा धागा उगाच आत दाबत. मग एक वृद्ध अरब शेतकरी आले. त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. इतक्या वर्षांत तसे कोणी केले नव्हते, हे मला व्याह्यांच्या चेहऱ्यावरूनच कळले. ते आत जाऊन भिंतीला टेकून बसले, श्वास ओढून लाकडाचा वास घेतला, आणि मोडक्या हिंदीत विचारले, "गर्मी में ठंडा?"

"हां बाबा, एकदम ठंडा."

"सर्दी में गरम?"

"मां की गोद जैसा," व्याही म्हणाले. इतके काव्य त्यांच्या तोंडून मी पूर्वी ऐकले नव्हते.

वृद्ध गृहस्थ पुष्कळ वेळ बसून राहिले. उठताना त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, साहेबांशी चार शब्द बोलले, आणि घर विकले गेले.

व्याही माझ्याकडे धावतच आले. "व्याहीबुवा, राहणारा माणूस मिळाला. चपला काढून आत गेला, पाहिलंत ना? आता गृहप्रवेश करा. उद्या ते आपल्या रीतीने करतील, पण बांधणाऱ्याच्या रीतीनं आज होऊ दे." दूध कुठून आणायचे? जवळच एक दुकान होते, पण ते उंटिणीच्या दुधाचे. मी सांगितले की धर्मशास्त्राने ते वर्ज्य मानले आहे. "अहो, प्यायचं कुठंय, उतू तर घालवायचंय," व्याही म्हणाले, पण माझे तोंड पाहून पार पलीकडच्या टोकाला जाऊन गाईचे दूध घेऊन आले. तोवर खानसाहेबांनी चहाचा स्टोव्ह पेटवला होता, आणि पहारेकरी येऊन उभा राहिला. "नो फायर, हबीबी." कुट्टनने पिशवीतून आपली विजेची किटली काढली. ती शारजाच्या खोलीत किती वर्षांची होती कोण जाणे, तिचे आपोआप बंद होणे केव्हाच संपले होते. मी वास्तोष्पतीचे मंत्र म्हटले. किटली खदखदली, झाकण उडाले, तोटीतून, कडेने, सगळीकडून दूध उतू गेले आणि थोरल्या आत्याच्या अंगावरून वाहात वाळूत उतरले. पहारेकरी हसला, "माशाल्ला," म्हणाला. व्याह्यांनी उंबऱ्याला हात लावून डोळ्यांना लावला. आजवर मी पुष्कळ यजमानांचे संकल्प सोडवले, पण इतक्या खऱ्या मनाने बसलेला यजमान मला आठवत नाही.

संध्याकाळी वृद्ध गृहस्थ मुलाला घेऊन परत आले. मुलाने घर फिरून पाहिले, दाराची रुंदी हाताने मापली आणि समाधानाने बापाला काहीतरी सांगितले. बापाने ते आम्हाला हिंदीत सांगितले, कारण आनंदाची गोष्ट होती. त्यांच्या शेळीला मेळ्यात बक्षीस मिळाले होते. हे घर तिच्यासाठी आणि तिच्या करडांसाठी. "बकरी बहुत खुश होगी," ते म्हणाले आणि व्याह्यांचा हात हातात घेऊन त्यांनी मनापासून आभार मानले.

खानसाहेब थोड्या वेळाने म्हणाले, "चलो भाई, किरायेदार मिल गया. सींगवाला है तो क्या हुआ." कोणी हसले नाही, तसे ते आपला स्टोव्ह पिशवीत भरू लागले. व्याही पायरीवर बसले. मालवणीत, स्वतःशीच, पण मला ऐकू येईल असे म्हणाले, "माज्या घरात बोकड रवतले." म्हणजे आता तिथे बोकड राहणार. साहेबांनी मोबाइलवरून मान न उचलता सांगितले, "काका, विकलं गेलं ना? मग झालं." मला त्या क्षणी त्या तरुण साहेबांचा, त्या मेळ्याचा, आणि माणसांसाठी मनोरे बांधून ते रिकामे ठेवणाऱ्या या साऱ्या नगरीचा राग आला. माझ्या वयाला राग शोभत नाही. तरी आला, आणि तो गेला असे मी म्हणणार नाही. दूध मी ज्या मंत्रांनी उतू घालवले त्यांत जनावरांच्या कल्याणाचीही प्रार्थना आहे, हे मला ठाऊक होते. ते व्याह्यांना सांगण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

शेतावर घर उभारून देणे हे व्याह्यांचे शेवटचे काम. पुढचे मला खानसाहेबांनी नंतर सांगितले. दाराची वेळ आली तेव्हा कुट्टन म्हणाला, "मेस्त्री, छोडो ना, बकरी ऊपर कहां देखेगी." व्याह्यांनी आपली चार बोटे चौकटीवर आडवी ठेवली, तेवढी जागा सोडली, नवी लोकर हाताने पिंजून भरली आणि फळी ठोकली. त्यानंतर महिन्याभरात ते कुडाळला गेले. मुलांनी तिथे स्लॅबचे घर बांधले आहे. पहिल्या रात्रीच फोन आला. "भिंत वाजवून पाहिली, व्याहीबुवा. काही बोलत नाही. बायको म्हणते, आता तुम्हीच बोला."

मरीनातल्या त्या वास्तुशांतीनंतर मला चैन पडेना. मुलाला सांगितले, मला अल ऐनला ने. वृद्ध गृहस्थांनी ओळखले, खजूर आणि कावा, म्हणजे त्यांची ती बिनदुधाची कॉफी, पुढे केला, आणि घर दाखवावयास स्वतः आले. आत वाळके गवत, कोवळ्या करडांचा वास, आणि मध्यभागी बक्षीसवाली आपले लांब कान सोडून महाराणीसारखी पहुडलेली. थोरल्या आत्यावर खुरांनी घासून गुळगुळीत वाट पडली होती. वाकड्या ओंडक्याला एक करडू आपली पाठ घाशीत होते, आणि तो कुरकुरत नव्हता. मी दारावरची फळी जराशी उचकटली आणि बोट घालून पाहिले. तिथूनच कुडाळला फोन लावला.

"कुठून बोलताय?" व्याह्यांनी विचारले.

"घरातून," मी म्हणालो. "तुमच्या."

मग हळू आवाजात विचारणा झाली, "दारावर किती उरलंय?"

"एक बोट. तेही जेमतेम."

"म्हणजे आलं खाली," ते म्हणाले. "पिल्लं आहेत का तिला?"

"तीन. तुमच्या भिंतीला टेकून निजलीत."

"व्याहीबुवा, फोन जरा लाकडाजवळ धरा आणि एकदा वाजवा."

मी फोन भिंतीशी धरला आणि पेराने टकटक केले. करडांनी माना वर करून माझ्याकडे पाहिले. मी फोन तसाच भिंतीशी धरून ठेवला.

वाचकहो, हे वाचणाऱ्या तुमच्या घराला माझा आशीर्वाद आहे. तुमच्या उंबऱ्यावरून दूध वाहो, तुमच्या भिंतींना कोणाची तरी पाठ टेको, आणि दारावर सोडलेली चार बोटे जागा तुमच्याच राहण्याच्या भाराने सावकाश भरून येवो. ती भरू न देता तुम्हाला कोणी मोडून नेऊ नये, एवढेच त्या वास्तुपुरुषापाशी मागणे.