फेसाचं औषध

दवाखान्यात माणूस बरा होवो न होवो, किस्सा मात्र होतोच. सत्तरच्या दशकात मी वसमतकडच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. गावाचं नाव सांगत नाही. मित्र जमले की म्हणतात, "गोविंदराव, ते फेसाचे किस्से होऊन जाऊ द्या." मी सांगतो, ते हसतात. शेवटचा मात्र आजवर गिळूनच बसलो होतो.

*

फेसाचं औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साईड. जखमेवर ओतलं की फसफसून पांढरा फेस येतो. लोकांचा डॉक्टरपेक्षा त्या फेसावर भरवसा जास्त.

एकदा पेरॉक्साईड संपलं होतं. शिरड शहापूरची एक म्हातारी पाय चिरून आली. आमच्या ड्रेसरनं, किसननं, जखम स्पिरिटनं पुसली. म्हातारीनं पाय मागं ओढला.

"फेस न्हाई तर पट्टी कशाला? चिंधी तर घरी बी हाय."

आणि चालती झाली. किसन बिचारा पट्टी घेऊन फाटकापर्यंत तिच्या मागं.

*

दवाखान्यात सगळ्यांना राव होता. मी गोविंदराव, क्लार्क माधवराव, शिपाईसुद्धा बाबूराव. किसन तेवढा नुसता किसन. हट्टा गावच्या बौद्धवाड्यातला. त्याच्याइतका हलका हात मी पुन्हा पाहिला नाही, पण त्याचा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला.

नव्या नर्सबाईंना हे कुठलं ठाऊक? त्यांनी डॉक्टरसाहेबांना त्याच कपात चहा दिला. अर्धा पिऊन झाल्यावर माधवरावांनी साहेबांच्या कानात सांगितलं.

"छे छे, मी असलं काही मानत नाही," साहेब म्हणाले.

उरलेला अर्धा कप दुपारपर्यंत टेबलावर तसाच होता.

*

किसन सहा वर्षं टेंपररी. कायम करायचे कागद परभणीला गेलेले, आज येतील उद्या येतील चाललं होतं. त्याला एक खोड होती, विचारायची.

"साहेब, फेस काहून येतो?"

साहेब त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "रक्तात एक चीज असते, एन्झाइम. तिला कॅटलेज म्हणतात. असलं जळजळीत औषध थोडंथोडं आपल्या अंगातही तयार होत असतं. ते अंगाला जाळू नये म्हणून ही चीज त्याला फोडते. तिनं फोडलं की फेस."

किसननं तो शब्द तळहातावर लिहून घेतला.

"काय रे, डॉक्टरकीची परीक्षा देतोस काय?" माधवराव म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

*

पुढं एक बाई आठ वर्षांची पोरगी घेऊन आली. हिरड्या सडलेल्या, दात हलत होते. मी सकाळीच नव्या बाटलीचं सील तोडून ती किसनच्या हातात दिली होती. त्यानं कापसानं पेरॉक्साईड लावलं. फेस नाही. पुन्हा लावलं. फेसाचं नाव नाही, उलट रक्तच काळं पडलं.

"अगं माय, काळं काहून पडून राहिलं?" बाई रडायला लागली.

साहेब धावत आले. बाटली उजेडात धरून म्हणाले, "यात पाणी घातलंय."

किसननं बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या जखमेवर त्याच बाटलीतलं औषध ओतलं. बदाबदा फेस.

"म्हाताऱ्याची जखम घाण आहे, म्हणून," साहेब म्हणाले.

"साहेब, तुमीच सांगितलं व्हतं. ती चीज या लेकराच्या रक्तात नसंल."

अख्खा दवाखाना हसला. साहेब हसले नाहीत. टेंपररी ड्रेसरनं सगळ्यांदेखत शहाणपण शिकवलेलं कोणाला आवडतं?

चौकशी लागली. पाणी कंपाउंडरनं घातलं का ड्रेसरनं, एवढंच ठरवायचं होतं. कोणीच घातलं नसेल, हे साहेबांच्या मनातच येईना. मी लिहून दिलं, "बाटली ड्रेसरच्या ताब्यात असते." शब्द न् शब्द खरा होता. सील सकाळी मी तोडलं, तेव्हा बाटली गच्च भरलेली होती, हे मी लिहिलं नाही. कोणी विचारलंही नाही.

परभणीहून कागद आला. कायम करण्याचा नव्हे, काढून टाकण्याचा.

*

दोन वर्षांनी साहेब बदलून गेले, कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले नवे डॉक्टर आले. त्याच बाईनं धाकटा पोरगा आणला. तशाच हिरड्या, फेस नाही, रक्त काळं. नवे डॉक्टर बाटलीकडे न बघता पोराकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही लेकरांचं रक्त औरंगाबादला पाठवलं. उत्तर आलं, दोघांच्याही रक्तात कॅटलेज नाही.

मी त्या कागदाची नक्कल करून घेतली आणि वसमतच्या मोंढ्यात गेलो. किसन हळदीची पोती उचलत होता.

"किसनराव," मी हाक मारली.

दुसऱ्याच कोणाला हाक आली असं वाटून त्यानं आपल्या मागं वळून पाहिलं.

"तुझंच खरं होतं," मी म्हणालो. "लेखी आलंय."

त्यानं पिवळे हात धोतराला पुसले, कागद घेतला, सावकाश दोनदा वाचला.

"पोरीचे दात?"

"गेले."

त्यानं कागदाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली.

"गोविंदराव, त्या दिवशी सील कोणी तोडलं, ते बी लिवलंय का यात?"