वीतभर अलीकडची रेघ

कॅप्टनताईने मला पोळ्यांच्या परातीपुढून उठवलं, स्वतःचे जुने बूट दिले आणि कबड्डीच्या सरावात सातवी म्हणून उभं केलं. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल, ही उपकार विसरली.

मी नर्मदेकाठच्या मणिबेलीकडची. आठवीत शाळा सुटली आणि शहाद्याला कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला लागले. घरी जायचं तर जीप, मग होडी. आईचा फोन लागला तर लागला. ताई माझ्याच वयाची, पण शहाद्याजवळच्याच कळसाडीची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिची आई डबा घेऊन भेटायला यायची. ताईची जर्सी दोरीवर वाळत असली की मी तिकडे पाठ करून भांडी घासायचे. एवढी जळायचे.

सराव हॉस्टेलच्या अंगणात चालायचा. चढाईला गेलेलीने समोरच्या बाजूची 'निदान रेषा' नावाची रेघ ओलांडायलाच हवी, नाहीतर ती बाद. पण पाण्याच्या टाकीमुळे आमचं अंगण अपुरं, म्हणून ती रेघ आम्ही वीतभर अलीकडे, चुलीच्या राखेने ओढायचो.

नंदुरबारला फायनल होती. मी कॉलेजची नाही, म्हणून खेळायला नाही, पण लिंबू-पाणी घेऊन मीही गेले. शेवटची चढाई उरली तेव्हा गुण बरोबरीत. ताईने ठरवलं, कोणाला शिवायचं नाही, नुसती रेघ ओलांडून परत यायचं. जादा वेळेत समोरच्या पोरी दमतील. ती स्वतःच गेली. पाय टाकला, वळली. पंचांनी शिट्टी मारली.

"रेषा ओलांडली नाही. बाद!"

एका गुणाने हरलो. पोरींनी पंचांना घेरलं.

"सर, चष्मा बदला!"

"बाजूला व्हा, नाहीतर टीमवर बंदी घालीन."

ताई तावातावाने माझ्याकडे आली. मी त्या रेघेच्या टोकालाच बसले होते. "तू समोरच व्हती ना व? सांग, मन्हा पाय पल्याड व्हता का नही?"

नाही म्हटलं तर सराव जाईल, कदाचित कामही. आणि तरी आत कुठेतरी गोड वाटत होतं. तिच्याकडे नाही असं काहीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे होतं.

"नव्हता, ताई. आपल्या अंगणातली रेघ असती तर ओलांडली असती."

तिने वळून त्या रेघेकडे पाहिलं. मग पोरींना हाताला धरून मागे ओढलं आणि पंचांना हात जोडले.

आम्ही जीपने परत निघालो. प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर तिने आईचा डबा उघडला आणि पहिला लाडू माझ्या हातावर ठेवला. "खाय व, तुले भूक लागनी व्हई."

हरूनही तिला असं वागता येतं, याचाच मला जास्त हेवा वाटला.

आता ती तिच्या गावातल्या पोरींसाठी मैदान करायच्या खटपटीत आहे. जागा मिळाली की मैदानाच्या रेघा मी आखून देणार, टेप लावून, पुऱ्या मापाच्या. सुट्टी मिळो न मिळो, तिचेच बूट घालून जाणार.