अनंतगिरीची फेरी आणि चौदावी पिशवी

मे महिन्यात आमच्या भटक्या गटाची हिमाचलची सहल आहे. तिच्या यादीत माझं नाव घालायचं की नाही, हे ठरवायला मला अनंतगिरीला नेलं. तसं तोंडावर कुणी म्हणालं नाही. ओंकार, म्हणजे माझी मैत्रीण सुधा हिचा भाचा आणि गेल्या वर्षापासून गटाचा म्होरक्या, फोनवर एवढंच म्हणाला, "काकू, तुमच्या नी-चं जरा टेन्शन आहे ना. अनंतगिरीचा लूप करून बघा, मग हिमाचलचं डिसाइड करू."

हा गट वीस वर्षांपूर्वी मी आणि सुधाने काढला. जामबागेतल्या शाळेत मी गणित शिकवायची आणि ती इतिहास. अनंतगिरीला मी दहा-बारा वेळा तरी गेले असेन, आणि आता त्याच डोंगरावर माझी परीक्षा! पण हिमाचल बघायची हौस तरुणपणापासूनची. राग गिळला आणि हो म्हटलं.

रविवारी पहाटे नामपल्ली स्टेशनासमोरून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. चौदा माणसं, प्रत्येकी सातशे रुपये. तुम्ही एकटेदुकटे असाल तर इथूनच विकाराबादची गाडी पकडा, स्वस्त पडते. पुढे शेअर ऑटो मिळते. रस्त्याने जाण्याचं सुख म्हणजे चेवेळ्याकडची जुनी वडाची झाडं. परतताना त्यांच्याच सावलीत जेवायचं ठरलं होतं. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणला होता, माझ्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या. माणशी दोन, म्हणजे अठ्ठावीस. गणिताच्या बाईंचा डबा मोजूनच भरलेला असतो.

नऊच्या सुमाराला अनंत पद्मनाभाच्या देवळापाशी उतरलो. पावसाळा नुकताच सरला होता, जंगल अजून हिरवं होतं. सागाची परातीएवढी पानं, मधेच सीताफळीची झुडपं, पायवाटेवर ओली लाल माती. फेरी साधारण आठ किलोमीटरची: देवळामागून चढण, मग पठार, मग तळं दिसतं तो कडा, आणि उतरून पुन्हा देऊळ. नवख्यालाही तीन-साडेतीन तासांत जमते. बूट चांगले घाला, आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका. आपली मुसी नदी याच डोंगरातून निघते. इथलं पाणी बघितलं की शहरात आपण तिचं काय केलंय ते आठवून लाज वाटते.

चढायच्या आधी ओंकारने फर्मान काढलं. "काकू, तुम्ही लास्टला राहा हं. स्वीपर म्हणतात त्याला."

मला म्हणे स्वीपर म्हणतात! आमच्यात त्याला पाठीराखी म्हणतात, आणि तो नियम माझाच. पाठीराखीच्या मागे कुणी राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर डोकी मोजायची. पुढचा माणूस नजरेआड झाला तर पाठीराखीने जागा सोडायची नाही. या नियमामुळे वीस वर्षांत एकही माणूस हरवलं नव्हतं. हे मी ओंकारला सांगितलं. तो "येस येस, सुपर" म्हणाला आणि मोबाइलमधला नकाशा बघत पुढे गेला. डोकी कुणीच मोजली नाहीत.

पठाराच्या अलीकडे सुधा माझ्यासाठी थांबली. "नलू, दे ती पिशवी इकडे. गुडघ्याला कायकू ताप?"

"मला जड नाही होत."

"नक्को गं हट्ट करू. ओंकार बघतोय."

त्या शेवटच्या दोन शब्दांनी मी पिशवी दिली. फोन त्यात, डबा त्यात, पाकीट त्यात. ऊन नव्हतं म्हणून टोपीही त्यावरच अडकवली. सुधा झपाझप पुढे निघून गेली. खरं सांगते, त्या क्षणी मला तिच्याबद्दल फार माया वाटली.

कड्यापाशी गटातल्या दोन मुली फोटो काढत रेंगाळल्या. "आंटी, तुम्ही पुढच्या फाट्यावर थांबा, आम्ही आलोच," म्हणाल्या. माझाच नियम मोडून मी फाट्यावर जाऊन थांबले. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. एक मोर वाट ओलांडून गेला, तोही सावकाश, मला अजिबात न घाबरता. मी हाका मारल्या, कड्यापर्यंत परत जाऊन आले, पुन्हा फाट्यावर उभी राहिले. त्या दोघी कड्याखालच्या जवळच्या वाटेने केव्हाच उतरून गेल्या होत्या, हे मला कसं कळणार? तासाभराने मदत आणायला मी खाली निघाले. गुडघा आहे की नाही, हेसुद्धा आठवलं नाही.

देवळापाशी गाडी नव्हती.

चहाच्या टपरीवरची बाई मला बघून उठून उभी राहिली. "आपका ग्रुप गया ना अम्मा! गाडी जाके घंटा हुआ."

"और दो लडकियां?"

"वो तो सबसे पहले आए. ड्रायव्हर पूछा, सब आ गए क्या. मोटा चष्मावाली मॅडम बोले, हौ, सब आ गए, चलो."

मोटा चष्मा आमच्या गटात एकटीलाच आहे. सुधाला.

टपरीवालीने न मागता चहा आणि आपला फोन पुढे केला. पण हल्ली कुणाचा नंबर पाठ असतो? मला फक्त माझाच आठवत होता. तोच लावला. खूप वेळ वाजला, मग ओंकारने उचलला.

"हॅलो? अरे, काकू? तुम्ही... तुम्ही मागच्या सीटवर झोपलाय ना?"

मी कुठे आहे ते सांगितलं. तिकडे कुजबुज झाली. मग तो म्हणाला, "काकू, आम्ही चेवेळ्याला लंचला थांबलोय. परत यायचं तर सगळ्यांनाच लेट होईल. तुम्हाला ट्रेन जमेल ना?"

आणि मी काय म्हणाले असेन? हिमाचलच्या यादीत नाव हवं होतं मला. "जमेल की," म्हणाले.

मग सुधा आली. तोंडात घास होता, नीट बोलता येत नव्हतं. "नलू, नीट ये गं. तुला तर सगळं माहीतच आहे, म्हणून काळजी नाही."

प्रवासात एक नोट रुमालात बांधून ठेवायची माझी जुनी सवय. तुम्हीही लावून घ्या. ती मोडून चहाचे पैसे देऊ लागले, तर टपरीवालीने घेतले नाहीत. शेअर ऑटोने विकाराबाद, तिथून पॅसेंजर. खिडकीशी जागा मिळाली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "एकट्याच फिरता?" मी हो म्हटलं. नामपल्लीला उतरून सुलतान बाजारातल्या घरापर्यंत चालत आले. गुडघा तेव्हा दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधा पिशवी घेऊन आली. सीटवर पिशवी, वर टोपी, तिला वाटलं मीच आडवी झालेय, म्हणून चौदा भरले. माझा फोन वाजला तेव्हा कुठे पिशवीला हात लावला म्हणे. मग हसून म्हणाली, "ओंकार एकदम खूश आहे हं. म्हणाला, काकू एकट्या आल्या म्हणजे फिट आहेत. तुझं नाव टाकलंय हिमाचलला."

म्हणजे परीक्षेत पास झाले. मी म्हटलं, "काढून टाक." सुधाला वाटलं गुडघ्यामुळे. मी तिला तसंच वाटू दिलं.

अनंतगिरीला तुम्ही जरूर जा. जंगल सुंदर आहे आणि त्या टपरीवरचा चहा उत्तम. फक्त आपली पिशवी आपल्याच पाठीवर ठेवा.

सुधा गेल्यावर पिशवीतून डबा काढला. लख्ख घासलेला होता, आणि रिकामा डबा परत देऊ नये म्हणून आत मूठभर साखर घातलेली होती. फोन वाजला तेव्हा पिशवी उघडली, म्हणजे मी गाडीत नाही हे कळल्यावरच डबाही उघडला. तेरा माणसांनी अठ्ठावीस पुऱ्या संपवल्या. माझ्या वाटच्या दोनसुद्धा ठेवल्या नाहीत.