भोक सरकलेला पैसा

बायको बपेऱ्याची, त्यामुळे त्या गावातले सगळे वडीलधारे माझे मामाजी, म्हणजे सासरे, आणि मी सगळ्यांचा जवाई. या नात्याचा खरा उपयोग मला झाला तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी, नदीवर, एका पैशासाठी.

टांकसाळीत चुकलेली नाणी जमवायचा मला नाद. छाप सरकलेली, कडा न उठलेली, एका बाजूनं कोरी राहिलेली. एक मात्र हाती लागत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबं वाचावं म्हणून सरकारनं पैशाच्या मधोमध मोठं भोक पाडलं होतं. मला हवा होता तो असा पैसा, ज्याचं भोक मधोमध नाही. चलनातून ते पैसे केव्हाच गेले होते. पण गेले कुठे, ते मला ठाऊक होतं. लेकरांच्या करदोट्यात, टिनाच्या खिळ्यांखाली वायसर म्हणून, आणि मासे धरणाऱ्या ढीवरांच्या फेकजाळ्याच्या काठाला, वजन म्हणून. तुमसरच्या राइस मिलमधला हिशेब सांभाळून मी असे शेकडो पैसे पाहिले. सगळे बिनचूक.

त्या दिवशी नदीकाठी एक ढीवर मामाजी जाळं वाळवत बसले होते. काठाला बांधलेले पैसे मी एकेक करून फिरवत गेलो आणि एकावर बोट थांबलं. भोक कडेला सरकून पानांच्या नक्षीत घुसलं होतं. कुणी नंतर खिळा ठोकला असेल, ही शंका आधी आली. पण तसं असतं तर मधलं भोकही असतं. इथे मधोमध अख्खं तांबं होतं. एकच भोक, तेही भलत्या जागी. म्हणजे चूक टांकसाळीचीच.

मी पैसे देऊ केले, मामाजींनी घेतले नाहीत. त्यांच्या मते हा वाकडा पैसाच जाळ्यात मासे आणत होता. त्याचा दोरा मात्र तुटायला आला होता. दोन-चार फेकींत पैसा नदीत गेला असता, आणि मग तो कुणालाच मिळाला नसता.

"जवाई लोक सासऱ्याले सायकल मांगतेत, घड्याळ मांगतेत," शेजारी टोपलं घेऊन बसलेल्या आपल्या बायकोकडे, मामींकडे, पाहून ते म्हणाले. "हा जवाई ढीवराचा भोकाचा पैसा मांगून राहिला."

ताडून पाहायला दोन-तीन साधे भोकाचे पैसे माझ्या खिशात असायचेच. मी म्हटलं, तुमचा सोडा, त्या जागी माझा बांधा आणि एकदा जाळं फेका. मासा आला तर वाकडा पैसा माझा. नाही आला तर मी स्वतः तो नव्या दोऱ्यानं बांधून देतो आणि पुन्हा त्याचं नाव काढत नाही.

मामाजींनी पैज लगेच घेतली आणि पैसा बदलून बांधला. भर दुपारी त्या काठाला मासा नसतो, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

जाळं गोल उघडलं, बुडालं, आणि हलकंच वर आलं. गाळ, शेवाळ, एक काटकी. मामाजी हसायला लागले. मी गुडघ्यांवर बसून शेवाळ उलगडलं. आत करंगळीएवढा एक मासा तडफडत होता.

"हा का मासा हाये, जवाई?"

"अटीत वजन नव्हतं, मामाजी."

"वजन राहू द्या, दिसाले तं पायजे."

मामींनी तो मासा चिमटीत उचलला. "काल बजारात असेच वाटे लावून इकले ना म्या? तवा मासा होता, अन् आता नाई काय?"

मामाजींनी कनवटीला हात घातला. त्यांनी वाकडा पैसा माझ्या हातावर ठेवला. मामींनी तो मासाही माझ्या रुमालात टाकला. जितला त्याचा, म्हणाल्या. बपेरा ते तुमसर एवढं अंतर मला त्या दिवशी जाणवलंच नाही. सायकलही माझीच होती, सासऱ्यांची नव्हे.

पुढे कधीही सासुरवाडीला गेलो की मामाजी पाण्यातूनच हाक मारायचे, "जवाई, तुमच्या पैशानं मासे कमी येऊन राहिले."

"पण येतात ना?" मी विचारायचो. अट तेवढीच होती.