पाइपाच्या कडेनं

लोकांना पाणी चढलं की भीती वाटते. मला पाणी उतरलं की वाटते.

आमचं लॉज उजनीच्या काठाला, जेऊर स्टेशनपासून रिक्षानं अर्ध्या तासावर. लॉज म्हणायचं म्हणून म्हणायचं. चार खोल्या, पुढं ओसरी, मागं माझं स्वयंपाकघर. दिवाळीपासून होळीपर्यंत पाहुण्यांची रीघ असते. रोहित पक्षी बघायला लांबलांबून माणसं येतात, होडीत बसतात, मासे खातात, माझ्या भाकरीचे फोटो काढतात. आम्ही जे खातो तेच त्यांना वाढायचं, अंघोळीला पाणी आमच्याच बंबातलं, आणि कुणी उशिरा उठलं तर मी घरच्यासारखी ओरडणार. ओरडून घ्यायला लोक पैसे देतात बघ, असं मालक म्हणतात. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालकच म्हणतात. मालकी कुणाची चालते ते सांगायला नको.

होळी झाली की पक्षी जातात, पाहुणे जातात आणि त्यांच्यामागं पाणीही जातं. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे सोडण्याजोगं पाणी संपलं, की ओसरीसमोर जिथं पाणी चमकायचं तिथं नुसता गाळ उरतो. वरून वाळलेला, पांढरट, भेगा पडलेला, सारवलेल्या अंगणासारखा. खाली लापशी. शेतकरी पाण्यामागं मोटारी पुढं पुढं नेतात, त्यांचे काळे पाइप गाळावर पडलेले असतात आणि त्या पाइपांच्या कडेनं रोज ये-जा होऊन पायवाट घट्ट होते. पाय टाकायला तेवढीच जागा. ती सोडली तर काय होतं ते मी लग्न होऊन आले त्याच उन्हाळ्यात पाहिलं. कुणाची तरी म्हैस गेली होती. दुपारपर्यंत नुसतं तोंड वर राहिलं होतं आणि ती गपचूप आमच्याकडं बघत होती. तेव्हापासून उन्हाळ्यात त्या बाजूच्या खिडक्या मी बंद ठेवते. मालक हसतात. हसोत.

मागं एका मे महिन्यात सोलापूरहून एक म्हातारं जोडपं आलं. मे महिन्यात आमच्याकडं कुत्रं फिरकत नाही, म्हणून मला जरा नवलच वाटलं. आबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, धोतर आणि पांढरी टोपी, बोलणं करडं. आजी गुडघ्यांनी बेजार. त्यांचं गाव आमच्या समोरच होतं, धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलं. मग सोलापुरात गिरणीत नोकरी, तिथंच संसार. यंदा पाणी लई खाली गेलंय, जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलंय असं कुणीतरी सांगितलं आणि आबांनी पिशवी भरली.

"आमची विहीर बघायची हाय," पहिल्याच जेवणाला ते म्हणाले. "बापानं अन् म्या खणलेली. दगडी बांधणीची."

"बघा की," मी म्हटलं. "उद्या मालक नेतील तुमाला."

त्या गाळाखाली जुन्या विहिरी आहेत हे काठावरचं पोर पण जाणतं. कुठं आहेत ते कुणालाच माहीत नाही. आबांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या कुरडया होत्या. पाहुणे नसले की माझे हे उद्योग चालतात, हंगामाला लागतं ते सगळं उन्हाळ्यातच करून ठेवायचं. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून झाला होता, अंगणात चूल पेटवून मी तो शिजवत होते. चीक शिजताना बाईचा हात थांबून चालत नाही. थांबला की गाठी, आणि गाठी झाल्या की तीन दिवसांची मेहनत मातीत. धूर डोळ्यांत, घाम मानेवर, अशात आबा येऊन उभे राहिले.

"मालक कुटं हायेत?"

"केळीत गेलेत. येतील."

पाच मिनिटांनी परत. "आले का?"

"न्हाय आले, आबा."

तिसऱ्यांदा आले ते पायांत चपला घालूनच. "मग मी होऊ का म्होरं? वाळलंय की समदं."

आणि मी मान वर न करता ओरडले, "जावा की! वाळलंय सगळं. या बघून एकदाचं!"

उन्हाळ्यात चुकून कुणी आलं तर मी पहिलं वाक्य बोलते ते हे, की बाबांनो, पाइपाच्या कडेनं चाला, पाइप सोडू नका. पाहुण्याची बॅग खाली ठेवायच्या आधी सांगते. त्या दिवशी नाही सांगितलं. विसरले असं म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता.

चीक उतरवला, घाम पुसला आणि गाळाकडं पाहिलं. पांढरं धोतर, पांढरी टोपी दिसली, पण पाइपाजवळ नव्हे. पाइप राहिला उजवीकडं आणि आबा डावीकडं, देवळाच्या रोखानं सरळ निघालेले. त्यांच्या डोक्यात पन्नास वर्षांपूर्वीचा गाडीरस्ता होता आणि ते त्याच रस्त्यानं चालले होते. मी हाक मारली. वारा माझ्याच तोंडावर होता. पुन्हा पाहिलं तर ते थांबले होते. आणखी पाहिलं तर बसल्यासारखे दिसत होते, आणि एवढ्या उन्हात तिथं माणूस बसत नसतो.

मालकांना फोन लावला. काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "मी पोरं गोळा करतो. तू आजींना हलू देऊ नको. त्या मागं धावल्या तर दोघंबी जातील. कळलं का?"

फोन ठेवते तोवर आजी भिंतीला धरून अंगणात आल्या.

"आमचं म्हातारं कुटं गेलं गं?"

"मालकांच्या गाडीवर जेऊरला गेलेत," मी म्हटलं. "पेपर आणायला."

कसं सुचलं देव जाणे. आजींना मी गाळाकडं पाठ करून बसवलं, समोर बाजेवर कापड अंथरलं, सोऱ्यात चीक भरून त्यांच्या हातात दिला. "कुरडया घालता का जरा? माझा हात भाजलाय." हेही खोटंच होतं.

आजी खूश झाल्या. हात सुरेख होता त्यांचा, एकसारख्या गोल कुरडया पडत होत्या. म्हाताऱ्याला तळलेली कुरडई दुधात चुरून लागते, असं सांगत होत्या. दात न्हाईत पण हट्ट हाय. मी हं हं करत होते आणि त्यांच्या खांद्यावरून समोर बघत होते. पांढरा ठिपका तिथंच होता. मघापेक्षा लहान. विहिरीवरच असतील तर? विहिरीला तळ तरी लागतो का? मी मेले तरी हे पाप कुठं फेडू? आणि लाज सोडून सांगते, मध्येच असंही मनात आलं की आता आपल्या लॉजवर कोण येणार. त्या विचाराची मला आजही किळस येते.

तेवढ्यात मालकांची गाडी दारात आली. मागं एक मच्छीमार बसलेला. मालक धावत आत आले, रंगवायला म्हणून काढून ठेवलेला लॉजचा मोठा लाकडी बोर्ड उचलला आणि मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून हळू आवाजात म्हणाले, "गाळावर हा टाकून आडवं पडून जावं लागंल. पाइप सोडवून मोटारीचं पाणी त्यांच्या पायाशी सोडायचं. गाळ पातळ झाला तर माणूस सुटतो. पण दहाला लाईट जाते."

घड्याळात सव्वानऊ झाले होते. शेतीची लाईट गेली की मोटार बंद, आणि मग आठ माणसं लावली तरी तो गाळ माणूस सोडत नाही.

ते गेले तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मालक जेऊरला गेलेत असं मी सांगितलं होतं. आणि मालक आत्ता आजींच्या समोरून आले होते, आबांना न घेता. मी घाबरून आजींकडं पाहिलं. त्या खाली मान घालून सोऱ्या दाबत होत्या. सुटले बाई, म्हटलं. म्हातारं माणूस, नजर अधू, लक्ष गेलं नसेल.

"चीक दे अजून," त्या म्हणाल्या. "गार झाला तर दाबवत न्हाई."

दिला. मग त्या म्हणाल्या, "तू बोलत ऱ्हा की पोरी. गप नको बसू. काय पण बोल."

मी बोलत सुटले. पुण्याच्या एका पाहुणीनं ठेचा चटणी समजून चमचाभर खाल्ला होता ते सांगितलं, मोहोळच्या माझ्या माहेरचं सांगितलं, भावाच्या लग्नात जेवण कमी पडलं होतं ते सांगितलं. तोंड आपलं चालू. डोळे समोर. तिकडं तीन माणसं गाळावर पालथी पडून सरकत होती. लांबून मोटारीची घरघर येत होती आणि माझा सगळा जीव त्या आवाजात अडकला होता. हा आवाज आहे तोवर आबा आहेत, असं मी धरून चालले होते.

पावणेदहाला आवाज बंद झाला.

दहाची लाईट पंधरा मिनिटं आधीच गेली होती. मी बोलता बोलता थांबले. आजींचा हातही थांबला. अंगणात चुलीतल्या लाकडाचा तेवढा आवाज. मला समोर काही नीट दिसेना, उन्हानं सगळं थरथरत होतं. मी माणसं मोजायला लागले. एक. दोन. तीन. पुन्हा तीन. देवाला म्हटलं, माझं काय पण घे. पुन्हा मोजलं. तिघंही वाकलेले. मग एकजण मागं पडला, त्याच्या अंगावर काहीतरी काळं कोसळलं आणि मी मोजलं तर चार झाले होते. चार! ओरडायला तोंड उघडलं होतं, ते पदरानं दाबलं.

अर्ध्या तासानं आबांना गाडीवर मध्ये बसवून आणलं. टोपी नाही, चपला नाहीत, धोतराचा रंग ओळखू येत नव्हता. ओठ निळे पडले होते. लाईट गेली तोवर गाळ बराच पातळ झाला होता, उरलेला हातांनी उपसला; मालकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटले होते.

आजींनी आबांना वर-खाली पाहिलं. "चपला कुटं हायेत?"

"ऱ्हायल्या तितंच."

"नव्या हुत्या."

"विहीर न्हाई दिसली गं," आबा म्हणाले आणि लहान पोरासारखं तोंड केलं त्यांनी. मालकांनी तिथं काय झालं ते मला हळूच सांगितलं, मग त्यांना न्हाणीत नेलं, बंबातलं गरम पाणी काढून दिलं.

मी आणि आजी अंगणात राहिलो. मी त्यांच्यासमोर मातीतच बसले.

"आजी, मी खोटं बोलले तुमच्याशी. जेऊरला कुणी गेलं नव्हतं. मीच त्यांना जावा म्हटलं. वाट पण न्हाई सांगितली."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मालक गाडीवरनं आले अन् संगं आमचं म्हातारं न्हवतं. तवाच कळलं."

"मग मला इचारलं का न्हाई?"

आजी हाताला चिकटलेला चीक सोलून काढत होत्या. "इचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस."

त्या पाऊण तासात मी त्यांना सांभाळतेय असं मला वाटत होतं.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "कुटवर आत गेले हुते?"

गुडघ्यापर्यंत म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं. पण त्या माझ्याकडं बघत होत्या.

"छातीपातुर," मी म्हटलं.

आजींनी मान हलवली. दोनदा, हिशोब पटल्यासारखी. आणि मग त्यांना असं रडू फुटलं की पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी आवाज मावेना.

न्हाणीतून आबा ओरडले, "काय झालं गं?"

"काय न्हाय," आजी म्हणाल्या. "साबण लावा नीट."