सुलाबाईंनी घर रिकामं केलं

समोरच्या सुलाबाईंच्या घरात अंग चोरूनच शिरावं लागे. १९७४ साली लग्न होऊन मी नाशिकरोडच्या त्या कामगार वसाहतीत आले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे विरजण मागायला गेले आणि दारातल्या पिंपावर गुडघा आपटून परतले. दोन खोल्या, त्यात पत्र्याच्या चौदा पेट्या, धान्याची कोठी, डालड्याचे रिकामे डबे आणि छताला टेकलेली पातेल्यांची उतरंड.

त्यांचं माहेर विंचूरचं. लहानपणी घरी पाहुणा आला की आई शेजारून ताट मागून आणायची. एकदा पाहुणा जेवत असतानाच शेजारीण ताट परत मागायला दारात उभी राहिली.

"पाव्हणा अर्ध्या भाकरीवरून उठला, सुमन," त्या मला सांगायच्या. "तव्हाच ठरवलं, माझ्या घरात कशाची कमी नको, काहीबी बाहेर जायचं नाय."

यजमान सावळीरामभाऊ कारखान्यात टाइमकीपर होते. मोठा शांत माणूस. एकुलती एक लता कॉलेजात. सहा पेट्या तिच्या लग्नासाठी भरून ठेवलेल्या.

१९७९चा मे महिना. सकाळी दहाच्या सुमारास सुलाबाईंची किंकाळी ऐकू आली. मी धावले. आतल्या खोलीत सावळीरामभाऊ कलंडले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, बोलायला जात होते आणि नुसता घोगरा आवाज निघत होता. आमचे हे, म्हणजे वाल्मीक, आणि शेजारचे बुधाभाऊ खाट घेऊन आले. खाट दारातच अडली. आडवी जाईना, उभी जाईना. बुधाभाऊंनी एक पेटी ओढली, तशी वरची घसरली आणि सगळी चळत घणघणत खाली आली. होती तेवढी वाटही बुजली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि आम्ही एकेक डबा हातोहात बाहेर काढत होतो. शेवटी चौघांनी त्यांना चादरीत घेऊन डोक्यावरून बाहेर आणलं. वीस मिनिटं गेली. सुलाबाई भिंतीला टेकून तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. रडल्यासुद्धा नाहीत.

"आणायला एवढा वेळ का लागला?" डॉक्टरांनी विचारलं. 

जीव वाचला. डावा हात आणि पाय लुळा पडला.

चौथ्या दिवशी सुलाबाई अंघोळीपुरत्या घरी आल्या. मी चहा घेऊन गेले तर त्या दारातच थांबलेल्या.

"सुमन, मी माणसाचीच वाट अडवली गं," म्हणाल्या आणि पहिल्या पेटीला हात घातला.

मोठी पातेली वसाहतीतल्या बुद्धविहारात गेली. कपडे, अंथरुणं मुलींच्या होस्टेलला. ज्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलं होतं, ती ज्याची त्याला परत. त्यावरून वसाहत पेटली. शेजारच्या कुसाबाईंनी आपला तांब्या पायरीवर आदळला. "आहेर परत करते? आमचं काय चुकलं?" सुलाबाईंनी नुसते हात जोडले.

अंगणातला गाद्यांचा ढीग कोणीतरी पाहिला आणि विंचूरला भलतीच बातमी नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सुलाबाईंची धाकटी बहीण शकुबाई चार बायका घेऊन एसटीने आली, ती कोपऱ्यावरूनच गळा काढत.

"दाजी, कसं सोडून गेलात वं!"

 सुलाबाई केरसुणी घेऊन बाहेर धावल्या.

"शके, गप! जित्ते हायेत ते. दवाखान्यात पेज पिऊन ऱ्हायले."

शकुबाई मटकन खाली बसली. "मंग हे सामान बाहेर का?"

"मला नको म्हनून."

हे ऐकून तिला जो धक्का बसला, तो मरणाच्या बातमीनेही बसला नसेल.

लता संध्याकाळी दवाखान्यातून आली. "माझ्या पेट्या?"

"होस्टेलच्या पोरींना दिल्या."

"मला विचारलंसुद्धा नाहीस?"

पोरगी पांढरीफटक पडली. सुलाबाईंचं इथे चुकलं, आणि मी तसं त्यांना म्हटलंही. पुढची दोन वर्षं लता आईशी कामापुरतंच बोलली. नोकरी लागल्यावर तिने आपल्या पगारातून भांडी घेतली, ती आईला दाखवलीही नाहीत.

जूनमध्ये सावळीरामभाऊ घरी आले. उंबऱ्यात पाय ठेवला आणि घाबरून वाल्मीकचा दंड घट्ट पकडला. जीभ जड झालेली. "चो... चोरी झाली?"

"नाय वं. मीच दिलं."

आत एक खाट, एक पेटी, स्टोव्ह, चार ताटं, दोन पातेली. ते बघतच राहिले. मग वाल्मीकचा दंड सोडून त्यांनी उजवा तळवा मोकळ्या भिंतीवर ठेवला आणि पाय ओढत, एकेक पाऊल टाकत मागच्या खिडकीपर्यंत एकटे गेले. तिथे पोचल्यावर हमसून हमसून रडले. पुन्हा काही झालं की काय म्हणून सुलाबाई किंचाळल्याच. सावळीरामभाऊंनी मान हलवून नाही म्हटलं.

ते पुढे आठ वर्षं जगले. रोज त्याच भिंतीला धरून फिरायचे.

ते गेल्यावर मी एकदा सुलाबाईंना विचारलं, "कधी हळहळ वाटते का हो?"

"एका घागरीची. माझ्या आईची होती. घाईत गेली." ती कोणाकडे आहे हे त्यांना माहीत होतं. तीन गल्ल्या सोडून, नळावर रोज दिसायची. सुलाबाई ती परत न मागता पाणी भरून घरी यायच्या.